समोरच्या घरावरचा धबधबा

परदेशी पाहुण्यांच्या त्या परिषदेचं कौतुक आमच्या रस्त्यावर सगळ्यात जास्त मी केलं. आता कोणी तो विषय काढला की मी भाजी निवडायच्या निमित्तानं आत निघून जाते, पण तेव्हा माझ्या तोंडाला खळ नव्हती. नांदेडात आजवर मंत्री आले, बुवा आले, सर्कस आली. पण परदेशातले इतके पाहुणे एकदम, तेही शेती आणि पाण्यावर बोलायला, आणि तेही आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावरच्या नव्या सभागृहात, हे कधी झालं नव्हतं. मी लातूरला माहेरी फोन लावून भावाला सांगायची, अरे, आमच्या दारावरून जाणार आहेत सगळे. तो म्हणायचा, मग काय, आता तू इंग्रजी शिकत असशील. मी म्हणायची, हाव, शिकून राहिले.

आमच्या ह्यांनी मात्र पहिल्याच दिवशी नाक मुरडलं. रेल्वेच्या ऑफिसात नोकरी करून रिटायर झालेला माणूस. कुठलं फाटक बंद झालं की मागं केवढी रांग लागते, ते त्यांना झोपेतही दिसतं. गावाबाहेर एवढी मोकळी रानं पडलीत, तिकडं मांडव टाका म्हणावं, भर शहरात हे कशाला, असं ते म्हणाले. ज्या रस्त्यानं सभागृह, त्याच रस्त्यानं दवाखाने, त्याच रस्त्यानं बाजार आणि त्याच रस्त्यानं नदीचा घाट. पाहुणे नुसते शिंकले तरी शहर थांबेल, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांच्यावर खेकसले, तुम्हाला चांगलं काही बघवतच नाही, गाव पुढं चाललंय तर चालू द्या की. ते गप्प बसले. माझ्यापुढं गप्प बसायची त्यांना सवय आहे.

मग कामं सुरू झाली. रस्ता उकरला, भरला, पुन्हा उकरला. कोपऱ्यावर बसणाऱ्या भाजीवाल्या बाया एका सकाळी दिसेनाशा झाल्या. नायगावकडच्या खेड्यांतून पहिल्या बसनं येणाऱ्या त्या. त्यांना कोणीतरी लांबच्या एका मैदानात बसायला सांगितलं होतं, तिथं गिऱ्हाईक सोडा, कावळासुद्धा फिरकत नव्हता. ऑटोंना आमच्या रस्त्यावर बंदी आली, त्यामुळे गुडघे धरून चौकापासून चालत यायचं. रस्त्यातली कुत्री गेली, केळीचे गाडे गेले, चप्पल शिवणारा गेला. त्यांच्या जागी मधल्या दुभाजकावर फुललेल्या शेवंतीच्या कुंड्या आल्या. कोणी कुरकुर केली की मी सांगायची, चार दिवस कळ काढा, शहराचं नाव होऊन राहिलंय. आमच्या बाजूच्या सगळ्या घरांना सायीसारखा एकच रंग दिला, आणि तो फुकट. मी हुरळून गेले. गच्चीवरून लाइटच्या माळा सोडल्या. आमच्या बाजूला सगळी पक्की घरं, म्हणून आमच्या बाजूला रंग. समोरच्या बाजूचं काय करायचं, एवढाच साहेब लोकांना प्रश्न होता.

समोर गादीवाल्या भाईंचं घर. पुढं पत्र्याची शेड, तिच्यात कापूस पिंजायचं मशीन, आणि मागं राहायच्या खोल्या. शेडबाहेर भिंतीला टेकवलेल्या गाद्यांच्या वळकट्या, दोरीवर वाळत घातलेल्या खोळी, आणि हवेत कायम तरंगणारा कापूस. भाईंचे आजोबा निजामाच्या काळात तिथं येऊन बसले, तेव्हा आमच्या बाजूला नुसत्या बाभळी होत्या म्हणे. मी लग्न होऊन आले तेव्हा माझी पहिली गादी त्यांच्याकडून आली. त्यांच्या बायकोच्या, भाभींच्या, बाळंतपणात डिंकाचे लाडू मी वळून दिले. त्या बाळंतपणातली मुलगी माझ्या पायऱ्यांवर खेळत मोठी झाली, मला काकू म्हणते, फार्मसी शिकून आता एका मेडिकलवर काम करते. घरोबा म्हणावा असा घरोबा. आणि तरी, कापूस उडून माझ्या धुतलेल्या साड्यांना चिकटला की मी गॅलरीत उभी राहून तोंड सोडायची, काय ते उकिरड्यासारखं मांडून ठेवलंय म्हणून. भाई खालून हसायचे. माझं बोलणं कोणी मनावर घेत नाही, हे मी धरूनच चालत आले होते.

परिषदेचं काम घेतलेल्या कंपनीच्या माणसानं एका संध्याकाळी आमच्या बाजूच्या लोकांची बैठक घेतली. समोरच्या बाजूला बोलावलं नव्हतं. समोर उंच फ्लेक्स लावायचा आहे, पाहुण्यांना जिल्ह्याचं सौंदर्य दिसलं पाहिजे, असं तो म्हणाला, आणि मोबाइलवर चित्रं दाखवू लागला. एक किल्ल्याचं, एक सूर्यफुलाच्या शेताचं, एक धबधब्याचं. कोणतं लावू, शेवटी रोज समोर तुम्हालाच बघायचंय, असं त्यानं विचारलं. मी क्षणाचाही उशीर केला नाही. सहस्रकुंडाचं लावा म्हटलं, आमच्या इस्लापूरचं, पावसाळ्यातलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. फ्लेक्सच्या मागं काय येतं आणि कोण राहतं, हे कोणी विचारलं नाही. आमचे हे माझ्याकडं बघत होते. मला वाटलं, त्यांना सूर्यफूल हवं असेल.

दुसऱ्याच दिवशी बांबू आले. भाईंच्या शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पत्र्याच्याही वर जाईल एवढा फ्लेक्स ताणला. बाजूच्या बोळाकडं माणूस तिरका होऊन जाईल एवढी फट ठेवली, तेच त्यांचं दार. बांबू धरायला भाई स्वतः पुढं झाले. घरासमोर सहस्रकुंड आलं, आता पाण्याची ददात मिटली, असं म्हणून त्यांनी सगळ्यांना हसवलं. आतमध्ये मात्र भर दुपारी बल्ब लावून बसायची वेळ आली. दुकान बंद झालं समजून गिऱ्हाईक परस्पर जाऊ लागलं. भाभींनी मला एकदा सांगितलं की सकाळ कोणती न् संध्याकाळ कोणती ते कळून नाही राहिलं. मी त्यांनाही तेच ऐकवलं, चार दिवस कळ काढा. आणि खरं सांगते, मी गॅलरीत चहा घेऊन बसायची तेव्हा ते पांढरंशुभ्र पाणी बघून मला बरं वाटायचं. साड्यांवर कापूसही येईना झाला होता.

आता त्या मुलीच्या सोयरिकीचं सांगायला पाहिजे, कारण ती मीच जुळवत होते. लातूरला गंजगोलाईजवळ माझ्या भावाच्या घराशेजारी एक चष्मेवाले राहतात, चांगली खाऊनपिऊन सुखी माणसं. त्यांच्या मुलासाठी त्यांना शिकलेली मुलगी हवी होती. मुसलमानांची सोयरीक आणि मध्यस्थ मी, याचं आमच्याकडं कोणाला नवल वाटत नाही. दोन्ही घरं ओळखणारं माणूस लागतं, ते मी होते. फोटो पसंत पडले. एका लग्नात मुलाच्या आईनं मुलीला लांबून न्याहाळून घेतलं. मुलगा-मुलगी फोनवर बोलले. मुलगी मला म्हणाली होती, काकू, तो माझी नोकरी सोडायला सांगत नाही. तेवढं बोलून लाजली आणि आत पळाली. तिला तो मनापासून आवडला होता. आता राहिली होती एकच गोष्ट, मुलाकडच्या वडीलधाऱ्यांनी मुलीच्या घरी येऊन तिच्या तोंडात साखर घालायची. साखर पडली की बात पक्की. रमजान तोंडावर आलेला, त्याच्या आत हे व्हावं, ईदनंतर लग्न, असं ठरत होतं.

आम्ही रविवार धरला. पाहुण्यांचा घाटावर जायचा कार्यक्रम शनिवारचा होता, रविवारी सकाळी ते परत जाणार आणि रस्ता मोकळा होणार, असं मला बैठकीतच सांगितलेलं. भाईंनी मला दोनदा विचारलं, भाभी, दुसरा दिवस धरू का. ते दोघंही मला भाभीच म्हणतात. मीच म्हटलं, काही नाही होत, माझ्यावर सोडा. लातूरला फोन करून त्यांनाही मीच सांगितलं की बेधडक या, घर भर रस्त्यावर आहे, शोधायला लागत नाही. इतक्या वर्षांत माझा शब्द कुठं खाली पडला नव्हता, त्याची घमेंड होती ती.

शनिवारी घाटाचा कार्यक्रम झालाच नाही. रविवारी सकाळी गाडीला बांधलेल्या भोंग्यातून आवाज आला, पाहुणे आज घाटावर जाणार आहेत, रस्ता बंद राहील, कोणी गॅलरीत उभं राहू नये, खिडक्या लावून घ्याव्यात. आमच्या बाजूच्या घरांना रहिवासी म्हणून पास दिलेले होते. समोरच्या बाजूला पास नव्हते. त्यांना एवढंच सांगितलं होतं की ताफा जाऊन परत येईपर्यंत कोणी बाहेर पडायचं नाही. लातूरहून गाडी केव्हाच निघाली होती. तेवढ्यात भावाचा फोन, आम्ही चौकात आलो आहोत, पोलीस आत सोडत नाहीत.

भाई पांढरा कुर्ता घालून, हातात गुलाबाच्या माळा घेऊन त्या फटीत उभे होते. गल्लीच्या तोंडाशी जाऊन पाहुण्यांची गळाभेट घ्यायची, गुलाबपाणी शिंपडायचं, हात धरून घरात आणायचं, हे मुलीच्या बापाचं काम. ते त्याच्याशिवाय कोणी करायचं नसतं. त्यांनी पाय बाहेर टाकला आणि हवालदारानं त्यांना आत लोटलं. जोरात नाही, पण लोटलं. त्यांनी पुन्हा सांगून बघितलं, हात जोडले. मग मला फोन केला, भाभी, तुम्हीच जा, त्यांना घेऊन या. मी पास गळ्यात अडकवला आणि निघाले.

चौकात भाड्याच्या जीपबाहेर माझा भाऊ, मुलाची आई आणि मुलाचे आजोबा उभे होते. आजोबांच्या हातात लाल मखमली कापडात गुंडाळलेला साखरेचा पुडा होता, छातीशी धरलेला. बंदोबस्तावरच्या साहेबानं मला विचारलं, हे कोणाकडं आलेत. समोरच्या घरी म्हटलं असतं तर तिथूनच परत पाठवलं असतं. मी पटकन बोलून गेले, माझे पाहुणे आहेत, माहेरचे. भाऊ बाजूला होताच, खोटं वाटायचं कारण नव्हतं. साहेब म्हणाला, तुमच्या घरात न्या, पण समोरच्या बाजूला कोणी जायचं नाही. मला आपण लई हुशारी केली असं वाटलं. उन्हात त्यांना चालवत आणलं आणि माझ्या पुढच्या खोलीत बसवलं. पाणी दिलं.

आजोबा पाणी प्यायले, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाले, "ताई, मुलीचं घर कोणतं?"

मी खिडकीची एक झडप किलकिली केली आणि बोट केलं. बोट धबधब्यावर गेलं. त्यांना कळेना. ते पुन्हा माझ्याकडं बघू लागले. मी म्हटलं, त्याच्या मागं. मग मी भराभर बोलत सुटले की परिषद आहे, पाहुणे येणार, शहर छान दिसावं म्हणून लावलंय, दोन दिवसांत काढतील. आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. एकदा त्यांनी आमच्या ताज्या रंगवलेल्या भिंतीकडं बघितलं.

"मग तुमचं घर नाही झाकलं?" त्यांनी विचारलं.

त्यात टोमणा नव्हता, म्हाताऱ्या माणसानं सरळ विचारलेलं होतं. भाऊ मान खाली घालून पायाचा अंगठा बघत राहिला. आमचे हे उठून आत गेले. मी खिडकी लावून घेतली. नियमच होता तसा.

मग ताफा गेला. ज्यांचं कौतुक मी इतके दिवस गावभर करत फिरले, ते पाहुणे मला दिसलेच नाहीत, बंद खिडकीआडून गाड्यांची घरघर तेवढी ऐकू आली. वाटलं, आता उघडेल रस्ता. पण ते त्याच रस्त्यानं परत येणार होते, म्हणून तो तसाच बंद. दुपारच्या नमाजाची वेळ झाली, तेव्हा मी धुतलेली चादर अंथरली. माझ्या देवघराकडं पाठ होऊ नये म्हणून थोडं बाजूला सरून आजोबांनी माझ्या खोलीत नमाज पढला. ते बघून तेवढ्यापुरतं मला बरं वाटलं. समोरून भाभींचे फोनावर फोन. बिर्याणी दमवर आहे, डबल का मीठा तयार आहे, कधी येतील, भाभी. रस्त्याच्या पलीकडून वास येत होता, खरंच येत होता, आणि इकडं माणसं भुकेली बसली होती.

इथं मी जे केलं ते मला तेव्हा माणुसकीचं वाटलं. पाहुणा उपाशी बसलेला मला बघवत नाही, आईनं तसं वाढवलंच नाही. मी भाकरी टाकल्या, वांग्याचं भरीत केलं, शेंगदाण्याची चटणी, दही वाढलं. मुलाची आई दोनदा नको म्हणाली, पण मी कशाची ऐकते. आग्रह करकरून वाढलं. त्या जेवल्या. आजोबा जेवले. आणि ते जेवत असताना भाभींचा पुन्हा फोन आला, मी सहज सांगितलं की जेवायला बसवलंय त्यांना. त्या एवढंच म्हणाल्या, अच्छा किया. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सोयरिकीला आलेला माणूस मुलीच्या घरचा पहिला घास खातो, त्या अन्नावरच नातं बसतं. त्यासाठी ते घर आदल्या दिवसापासून राबत होतं, आणि मी त्यांच्या पाहुण्यांची पोटं भरून मोकळी झाले होते. शहरानं त्यांचं दार घेतलं होतं. ताट मी घेतलं.

रस्ता उघडला तेव्हा उन्हं कलली होती. आम्ही रस्ता ओलांडला. भाई फटीशी उभेच होते, हातातल्या माळा सुकून गेल्या होत्या, त्यांनी गुलाबपाणी तेवढं शिंपडलं. बाहेर जागा नव्हती, आत जागा नव्हती, गळाभेट त्या फटीत कशीबशी झाली. आजोबांना वाकून, तिरकं होऊन आत जावं लागलं, तेव्हा त्यांची टोपी बांबूला लागून पडली. भाईंनी ती उचलली, झटकली, आणि दोन्ही हातांनी परत दिली. त्यांचा चेहरा मला बघवला नाही. उजेडातून आत आल्यावर कोणालाच काही दिसेना. फ्लेक्सची मागची बाजू, बांबूंच्या दोऱ्या, कोपऱ्यात रचून ठेवलेल्या न विकलेल्या गाद्या, आणि वर एक पिवळा बल्ब. एरवी त्या खोलीत सकाळी काय सुरेख ऊन येतं. ते मी सांगायला लागले आणि मध्येच थांबले.

मुलगी आली, सलाम केला. हिरव्या रंगाचे कपडे तिनं घातले होते, छान दिसत होती. मुलाच्या आईनं तिला जवळ बसवलं, डोक्यावरून हात फिरवला, नोकरीचं विचारलं. सगळे गोड बोलले. भाभींनी ताटं आणली, तर पाहुण्यांनी एकेक घास घेतला आणि पोट भरलंय म्हणाले. खोटं नव्हतं ते. मी सगळ्यांच्या मध्ये बसून आजोबांच्या मांडीवरच्या लाल पुड्याकडं बघत होते. आता सोडतील, आता सोडतील. आजोबांनी एकदा त्या बल्बकडं बघितलं, एकदा त्या फ्लेक्सकडं, आणि भाईंना हळूच विचारलं की हे घर रस्त्यात तर जाणार नाही ना. भाई म्हणाले, नाही, कागद पक्के आहेत. आजोबा हो हो म्हणाले. मग गाडीवाला घाई करतोय, अंधाराच्या आत निघायला हवं, पुन्हा येऊ, असं म्हणून ते उठले, आणि उठताना तो पुडा त्यांनी अगदी सहज केल्यासारखा पिशवीत ठेवला. मुलीनं ते पाहिलं. भाभींनी पाहिलं. भाई त्यांना सोडायला चौकापर्यंत हसत हसत गेले.

दुसऱ्या दिवशी परदेशी पाहुणे शहरातून गेले. सकाळी रस्त्यावर आले तर शेवंतीच्या कुंड्या कंपनीची माणसं टेम्पोत भरून परत नेत होती, त्या भाड्यानं आणलेल्या होत्या. फ्लेक्स काढायला कोणी आलं नाही. भाईंनीच गादी कापायच्या कात्रीनं तो उतरवला आणि नीट घडी घालून शेडमध्ये ठेवला, सरकारी माल आहे, मागायला आले तर द्यावा लागेल म्हणून. त्यांचा हा चांगुलपणा मला सहन होईना. मी गॅलरीतून आत आले.

रमजानच्या आधी दोन दिवस भावाचा फोन आला. त्या लोकांनी सांगितलंय की इस्तिखारा ठीक नाही आला. लग्नासारख्या कामात अल्लाहकडं कौल मागायची ती रीत, आणि तो ठीक नाही आला म्हटलं की कोणाचा अपमान न करता नाही म्हणता येतं, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. मी भावाच्या मागंच लागले, खरं काय ते सांग. शेवटी तो बोलला. ज्या घरावर सरकार पडदा टाकतं ते घर उद्या पाडणार, असं त्यांच्यातल्या चार माणसांचं म्हणणं पडलं. आणि मुलीचा बाप गल्लीच्या तोंडाशी घ्यायला आला नाही, हे आजोबांना लागलं. मी ओरडले, अरे, त्याला पोलिसांनी लोटलं, तुला माहीत आहे ना, माझ्या घरासारखंच पक्कं घर आहे ते. भाऊ म्हणाला, मी सगळं सांगितलं गं. पण त्यांनी जे डोळ्यानं बघितलं ते मी कसं पुसू.

मध्यस्थानं होकार घेऊन जायचा असतो, तसा नकारही त्यानंच न्यायचा असतो. फोनवर सांगता आलं असतं, पण तेवढी मी निर्लज्ज नाही. रस्ता ओलांडून गेले. भाई मशीनवर होते, मला बघून त्यांनी मशीन बंद केलं आणि बसायला नवी गादी ओढली. मी म्हटलं, भाई, लातूरहून फोन आला होता. पुढचं त्यांनी मला बोलूच दिलं नाही. समजलं, म्हणाले. मग मी काय बोलत होते ते माझं मलाच कळत नव्हतं, माझी चूक, माझ्यामुळं, मी रविवार धरा म्हटलं, मी जेवायला वाढलं, असलं काहीबाही. चित्राचं मात्र माझ्या तोंडून निघालं नाही.

भाई म्हणाले, "भाभी, तुम्ही कायकू शरमिंदा होता? मेहमान उपाशी तर नाही ना गेले. तुम्ही आमची इज्जत राखली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. मला भांडायला जमतं. हे असलं मला जमत नाही.

मुलगी आतून पाणी घेऊन आली. डोळे कोरडे होते तिचे, मेडिकलवर जायचा डबा भरून ठेवलेला होता. तिनं सगळं ऐकलं असणार, पातळ भिंत आहे. मी पाणी प्यायले. ती तांब्या घेऊन तशीच उभी राहिली, आणि मग तिनं असं विचारलं, जसं लहानपणी गणित सुटत नसलं की माझ्या पायरीवर येऊन विचारायची.

"काकू, तुम्ही रोज समोरून बघता. खरं सांगा, आमचं घर वाईट दिसतं का?"

मी म्हणाले, नाही. पण म्हणायला मला वेळ लागला, आणि ती तेवढा वेळ माझ्या तोंडाकडं बघत होती.